बिशप हिलची गोष्ट अर्धी सांगू नका

मा. संचालक,
नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग,
इलिनॉय राज्य, स्प्रिंगफील्ड

सप्रेम नमस्कार, वि. वि.

राज्यातल्या ऐतिहासिक स्थळांचा कारभार 2017 पासून आपल्या खात्याकडे आहे. त्यातल्या एका छोट्या गावासाठी हे पत्र लिहिते आहे. हेन्री काउंटीतलं बिशप हिल. लोकवस्ती जेमतेम सव्वाशेच्या घरात. स्वीडनहून आलेल्या लोकांनी ते 1846 मध्ये वसवलं, म्हणजे 2026 मध्ये गावाला 180 वर्षं होतात. इंग्रजी पत्र आपल्या कार्यालयाला वेगळं पाठवते आहे. हे मराठीत अशासाठी की, शिकागोच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपैकी फार थोड्यांनी या गावाचं नाव ऐकलं आहे, आणि या मागण्यांमागे त्यांनीही उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

बिशप हिलला डिसेंबरात लुसियाच्या, म्हणजे स्वीडिश दिव्यांच्या सणाच्या, रात्री गर्दी होते, सप्टेंबरअखेरीस सुगीचा उत्सव भरतो, दुकानांतून लाल रंगाचे लाकडी घोडे विकत मिळतात. त्याला माझी काहीच हरकत नाही, गाव त्यावरच जगतं. पण तिथून परतणारा माणूस गोड बिस्किटांसोबत गावाचा खरा इतिहासही घेऊन गेला पाहिजे, आणि हे पाहणं राज्याचं काम आहे. कारण वसाहतीचं चर्च 1946 साली राज्याने ताब्यात घेतलं ते इतिहास जपण्यासाठी.

हा इतिहास सोपा नाही. वसाहतीचा संस्थापक एरिक यान्सन हा स्वीडनच्या उप्पलांड प्रांतातल्या बिस्कोप्सकुला परगण्यात जन्मलेला शेतकरी. गव्हाचं पीठ विकत गावोगाव फिरायचा आणि विकता विकता प्रवचनं द्यायचा. खऱ्या श्रद्धावंताच्या अंगी पाप उरतच नाही, असं त्याचं म्हणणं. बायबलखेरीज दुसरं कुठलंही धर्मपुस्तक त्याला मान्य नव्हतं. 1844 मध्ये त्याच्या अनुयायांनी ल्यूथरपंथी ग्रंथांची जाहीर होळी केली. त्या काळी स्वीडनमध्ये चर्चबाहेर, घरच्या घरी जमून धर्मसभा घ्यायला 1726 च्या कायद्याने बंदी होती. यान्सनला वारंवार अटक झाली, शेवटी तो नॉर्वेमार्गे निसटला. मागोमाग त्याच्या माणसांनी शेतं, घरं, गुरं विकली आणि आलेला पैसा सामाईक तिजोरीत टाकला. ज्यांच्याकडे भाड्याला पैसे नव्हते त्यांचा प्रवास त्यातून झाला. न्यूयॉर्कला उतरून हडसन नदी, ईरी कालवा आणि सरोवरांच्या वाटेने शिकागो, आणि शिकागोहून पुढे दीडशेवर मैल, त्यातले बरेचसे पायी.

पहिल्या हिवाळ्यात राहायला घरं नव्हती. ओढ्याच्या दरडीत खणून, पुढच्या बाजूला ओंडके रचून केलेल्या बिळांत माणसं राहिली, एकेकात पंचवीस-तीस जणं. वसंत येईपर्यंत जवळपास शंभर माणसं दगावली. 1849 मध्ये कॉलरा आला आणि आणखी शंभराहून जास्त गेली. यान्सनची बायको माया स्टीना त्यातच गेली. एवढ्या मृत्यूंनंतरही वसाहत मोडली नाही, उलट वाढत राहिली, याचं मला अतोनात नवल वाटतं. 1848 मध्ये चर्च उभं राहिलं. त्याच्या खालच्या दोन मजल्यांवर कुटुंबांसाठी एकेक खोली आणि प्रार्थना वरच्या मजल्यावर. पाठोपाठ ‘बिग ब्रिक’ नावाची चार मजली विटांची इमारत झाली. तिच्यात शेकडो लोक राहत आणि जेवत. ती 1928 च्या आगीत गेली. जवस लावून त्याच्या धाग्याचं कापड विणून विकलं जाई, पुढे झाडूसाठी ब्रूमकॉर्नचं पीक आलं. 1854 चं स्टीपल बिल्डिंग आजही उभं आहे. त्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला फक्त तासकाटा आहे.

या सगळ्यात कामाचा मोठा भार बायकांवर होता, आणि ते आपल्याला नीट कळतं ते ओलोफ क्रान्समुळे. हा मुलगा 1850 मध्ये बाराव्या वर्षी इथे आला, मोठा होऊन यादवी युद्धात लढला आणि नंतर जवळच्या गाल्वात घरं रंगवायचं काम करायचा. वसाहतीच्या सुवर्णमहोत्सवासाठी, म्हणजे 1896 च्या सुमारास, त्याने लहानपणी पाहिलेलं सगळं आठवून रंगवायला घेतलं. कोणी शिकवलेलं नव्हतं. मकालावणीचं त्याचं एक चित्र पाहावं. नांगरलेल्या काळ्या जमिनीवर आडवी दोरी ताणलेली, दोन टोकांना दोन पुरुष दोरी धरून उभे आणि मध्ये बायकांची लांबच लांब रांग. कोकणात भातलावणीला बायका एका ओळीने सरकतात, तसंच. दुसऱ्या एका चित्रात पुलासाठी खांब ठोकायचं चाललंय. वजनदार ठोकळा दोरांनी वर ओढताहेत त्याही बायकाच. ही चित्रं आपल्याच संग्रहालयात आहेत. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांविषयी तिथे ठळकपणे सांगितलं जावं. त्यांच्यातल्या किती जणींनी पहिल्या हिवाळ्यात मुलं गमावली होती, याचाही त्यात उल्लेख असावा.

आता अवघड भाग. यान्सनला संत म्हणून रंगवू नये आणि ठग म्हणूनही मोडीत काढू नये. त्याच्या शब्दावर हजाराहून जास्त माणसं समुद्र ओलांडून आली, हे खरं. त्याच्याच शब्दावर त्यांच्या लग्नाचे आणि संसाराचे निर्णय होत, हेही खरं. जॉन रूट नावाच्या परक्या माणसाने यान्सनच्या चुलतबहिणीशी, शार्लोटाशी लग्न केलं, तेव्हा तो वसाहत सोडून गेला तरी ती राहू शकेल असा करार आधीच लिहून घेतलेला होता. पुढे रूटने तिला बळजबरीने शिकागोला नेलं, वसाहतीच्या माणसांनी तिला परत आणलं, रूट जमाव घेऊन वसाहत जाळायला आला आणि आसपासच्या अमेरिकन शेतकऱ्यांनी वसाहतीची बाजू घेतली. अखेर 13 मे 1850 रोजी हेन्री काउंटीतल्याच केंब्रिज गावच्या न्यायालयात रूटने यान्सनला गोळी घालून ठार केलं. या प्रकरणात दोन पुरुष आणि एक जमात एका बाईवर हक्क सांगत होते. तिला स्वतःला काय हवं होतं हा प्रश्न संग्रहालयात उघडपणे विचारला गेला, तर शाळेतली मुलंसुद्धा थांबून विचार करतील.

त्यानंतरचा काळ थोडक्यात सांगते. 1853 मध्ये सात विश्वस्त नेमून वसाहतीची कायदेशीर नोंदणी झाली, रेल्वेच्या कामातून पैसा आला, मग 1857 ची मंदी, कर्जं आणि विश्वस्तांचा गैरकारभार. 1860 नंतर जमीन वाटून घेतली गेली, कोर्टकचेऱ्या 1879 पर्यंत चालल्या. पण इथून मायदेशी गेलेल्या पत्रांनी मिडवेस्टमधल्या स्वीडिश स्थलांतराला गती दिली. पुढच्या काही दशकांत दहा लाखांहून जास्त स्वीडिश माणसं अमेरिकेत आली आणि शिकागो हे स्टॉकहोमनंतरचं सर्वांत मोठं स्वीडिश शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

आणि ती जमीन रिकामी नव्हती. वसाहत बसायच्या अवघी चौदा वर्षं आधी, 1832 मध्ये, सॉक लोकांचा नेता ब्लॅक हॉक याच्या नावाने ओळखलं जाणारं युद्ध झालं आणि सॉक व मेस्क्वाकी या इथल्या मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकललं गेलं. त्यांचं मोठं गाव सॉकेनुक शेजारच्या रॉक आयलंड काउंटीत होतं. तिथलं ब्लॅक हॉक स्थळही आपल्याच खात्याकडे आहे. बिशप हिलपासून तासाभराच्या आत गाडीने पोहोचता येतं. ही दोन स्थळं एकमेकांना जोडा. धर्मासाठी देश सोडावा लागलेल्यांना जी जमीन मिळाली, ती दुसऱ्या कुणाला सोडावी लागली होती. हे एकाच सहलीत कळलं पाहिजे.

शेवटी पैशाचं. 2008 च्या डिसेंबरात अर्थसंकल्पातल्या कपातीत राज्याने जी ऐतिहासिक स्थळं बंद केली, त्यांत बिशप हिल होतं. 2009 मध्ये ते पुन्हा उघडलं. तोवर गावातली मंडळी आणि 1962 पासून काम करणारी बिशप हिल हेरिटेज असोसिएशन त्यांच्या हातातल्या इमारती सांभाळतच होती. सव्वाशे माणसांच्या गावावर राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळाचा भार टाकणं बरं नव्हे. लाकडी इमारत दुर्लक्षित राहिली की पावसाबर्फाची ओल आत शिरते आणि मग डागडुजीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा. चर्च आणि वसाहतीच्या काळातलं ब्योर्कलुंड हॉटेल यांच्या देखभालीसाठी दरवर्षीची रक्कम राखीव ठेवा, कपातीत तिला हात लावायचा नाही. पहिल्या हिवाळ्यात आणि कॉलऱ्यात गेलेल्यांची नावं जितकी नोंदींत सापडतील तितकी एकत्र करून गावात लावा. शार्लोटा, क्रान्सच्या चित्रांतल्या बायका आणि सॉक-मेस्क्वाकी यांची गोष्ट प्रदर्शनाच्या मुख्य भागात आणा, आणि मेस्क्वाकींबद्दल लिहिताना आयोवातल्या त्यांच्या वस्तीतल्या लोकांना सोबत घ्या. शिकागोच्या उपनगरांतल्या शाळांना बसभाड्यासाठी मदत द्या. आमची मुलं लिंकनचं घर बघायला स्प्रिंगफील्डला जातात, जायलाच हवीत. पण वर्गात भारत, मेक्सिको, पोलंड, फिलिपिन्समधून आलेल्या घरांतली मुलं बसलेली असतात. घरदार विकून आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या, आपसांत भांडलेल्या आणि तरीही टिकलेल्या माणसांची गोष्ट त्यांना पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत का मिळावी?

2026 च्या कार्यक्रमांची आखणी करताना यांतली कोणती मागणी या वर्षी होऊ शकते आणि कोणती पुढच्या, हे आपण लेखी कळवावं ही विनंती. प्रदर्शनाचा मजकूर, अनुवाद किंवा शाळांशी संपर्क यांपैकी जे काम मोबदल्याशिवाय करता येईल ते करायला मी आणि माझ्या ओळखीची मराठी मंडळी तयार आहोत.

कळावे,
आपली नम्र,
इलिनॉयची एक मराठी रहिवासी