रिकामा डबा

डोंबिवली (पूर्व)
सोमवार, २३ ऑगस्ट २०२१

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. हसू नकोस. पोस्टाने पत्र, तेही पाठपोट, म्हणजे याचं डोकं फिरलं असंच तुला वाटणार. पण एक गोष्ट सांगायची आहे. त्यासाठी आठवड्यात दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा सुपारीची गळ कितपत आहे, एवढं विचारून ठेवून दिला. व्हॉट्सअॅपवर तर लिहवतच नाही. तेव्हा कागद बरा. कागदावर मध्येच कोणी ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का’ करत नाही.

आधी इकडचं सांगतो. लोकल सुरू झाली हे तू बातम्यांत पाहिलंच असशील. दोन डोस झालेल्यांना, दुसऱ्याला चौदा दिवस उलटलेल्यांना, पंधरा ऑगस्टपासून प्रवास खुला. मुख्यमंत्र्यांनी हे रविवारी रात्री सांगितलं आणि सोमवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे रेशनला लागावी तशी रांग. सर्टिफिकेटची रंगीत प्रिंट आणि वर लॅमिनेशन. मीही केलं. सौ. म्हणाली, लग्नाचं सर्टिफिकेट अजून साध्या पाकिटात आहे.

बुधवारी स्टेशनवर गेलो. महापालिकेने टेबलं मांडली होती. सर्टिफिकेट दाखवायचं, आधार दाखवायचं, ते शिक्का मारणार आणि मग तो कागद घेऊन पासाच्या खिडकीला. सुटं तिकीट नाहीच, फक्त महिन्याचा पास. माझा नंबर आला. टेबलावरच्या मुलीने शिक्का हाणला तो लॅमिनेशनवरून सरकला आणि शाईचा ओघळ थेट पंतप्रधानांच्या फोटोवर. ‘काका, सगळे हेच घेऊन येताय. साधी झेरॉक्स आणा.’ मागे वळून बघतो तर रांगेतल्या निम्म्या लोकांच्या हातात चकचकीत प्लास्टिक. झेरॉक्सवाल्याचा गणपती यंदा जोरात होणार.

पाकिटात जुना पास अजून होता. ४ एप्रिल २०२० पर्यंतचा. टाकवला नाही.

तू गेल्या वर्षी गणपतीला म्हणून गावी गेलास, दहा दिवस विलगीकरणात बसलास आणि तिकडचाच झालास. सुटलास म्हण. ऑक्टोबरपासून आम्हाला आठवड्यातून तीनदा ऑफिसात बोलवायला लागले, गाडी तर बंद. मग शीळफाट्यावरून बस. जायला अडीच तास, यायला तीन. फेब्रुवारीत सामान्य माणसाला लोकल दिली ती कशी, तर सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. म्हणजे आमच्यासारख्यांनी कामाला जाऊ नये, बाकी केव्हाही फिरावं. मी सहाची गाडी पकडून आठला फोर्टात पोचायचो. ऑफिसचं कुलूप दहाला निघणार. तोवर पायरीवर बसून डब्यातली पोळी खायची. संध्याकाळी सहाला सुटून पुन्हा नऊपर्यंत टंगळमंगळ. एप्रिलात तेही बंद झालं, तेव्हा खरं सांगू, बरं वाटलं.

आता तसं नाही. दुकानं रात्री दहापर्यंत उघडी. जुलैपर्यंत चार वाजले की शटर खाली. मग अर्ध्या शटरखालून वाकून ‘अर्धा किलो रवा आहे का’ विचारायचं आणि चोरीचा माल घेतल्यासारखं पिशवीत घालून सटकायचं. परवाच्या पंधरा ऑगस्टला संध्याकाळी आम्ही दोघं फडके रोडला गेलो. काही घ्यायचं नव्हतं. फडके रोडला आपण दिवाळीत पोरं होऊन फिरायचो ना, तसे फिरलो, फक्त गुडघे घेऊन. गणपती मंदिराचं दार अजून बंदच आहे. लोक रस्त्यातच चपला काढतात, दाराला हात जोडतात, चपला घालतात, पुढे जातात. एका बाईंनी तर दाराबाहेरूनच तीन वेळा स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली आणि रिक्षावाला तेवढा वेळ थांबून राहिला, हॉर्न न मारता. डोंबिवलीत! पुढच्या कोपऱ्यावर सौ.ने पाणीपुरी खाल्ली, सतरा महिन्यांनी. भय्याच्या हातात प्लास्टिकचे मोजे. ‘मोज्यांमुळे चव गेली’ म्हणाली आणि अजून एक प्लेट मागवली.

धाकट्याची शाळा मात्र सुरू झाली नाही. सतराला उघडणार असं जाहीर झालं आणि लगेच फिरवलं. तेवढ्यात याने हौसेने गणवेश काढून पाहिला. पँट घोट्याच्या चार बोटं वर. सातवीत असताना शिवलेली, आता नववीत आहे. आरशासमोर उभा राहून म्हणाला, ‘बाबा, मी आठवीत कधी होतो?’ गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर होतास बाबा, काय सांगणार.

कोपरचा पूल अजून बंद आहे. तू इथे असताना, सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला होता तो. गणपतीच्या आत उघडतील म्हणतात. तुझा भाडेकरू चांगला आहे, मेंटेनन्स वेळेवर भरतो, फक्त कुंड्यांना पाणी घालत नाही. मी सांगितलंय.

हं. आता मंगळवारचं.

रविवारी झेंडावंदन, सोमवारी पारशी नववर्षाची सुट्टी, त्यामुळे आपली खरी गाडी सुटली सतरा तारखेला. मी जिन्यावरून उतरून न बघता आपल्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. पुढून चौथा डबा तिथेच येतो अजून. गर्दी होती, पण आपल्या वेळची नाही. पाय ठेवायला जागा, हात वर करायला जागा. सीटवर एकाआड एक ‘इथे बसू नका’चे स्टिकर. त्यांच्यावरच लोक बसलेले, म्हणजे स्टिकर झिजून नुसतं ‘बसू’ राहिलंय.

खिडकीशी बँकवाला होता. मला बघून हात पुढे केला, मध्येच मागे घेतला, कोपर पुढे केलं, मी तोवर नमस्कार केला. मास्तर शेजारीच उभा होता आणि मी त्याला ओळखलंच नाही. मास्कवर नुसते डोळे, त्यात केस पिकलेले. त्याने घसा खाकरला, तेव्हा ओळखलं. त्याच्या खाकरण्याबरोबर अख्खा डबा त्याच्याकडे वळला. ‘तंबाखू आहे हो, तंबाखू!’ म्हणून ओरडला. मग जरा हसलो सगळे.

तुझी चौकशी झाली. चिपळूणच्या पुरात तुझा फोन तीन दिवस लागत नव्हता ते मी सांगितलं. मग मी विचारलं, तात्या कुठायत? अजून डोस झाला नाही का?

मास्तर काहीतरी म्हणाला, पण तेवढ्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. तुला माहीत आहे तिथे काय ऐकू येतं ते. मी ‘काय?’ म्हटलं, त्याने मान हलवली. बाहेर पडल्यावर त्याने पुन्हा सांगितलं.

तात्या गेले, बंड्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. चार दिवस ऑक्सिजनवर होते. खाट मिळाली होती म्हणे, ते तरी. मास्तरला पश्चिमेच्या एका औषधवाल्याकडून जुलैत कळलं. त्याला वाटलं, मला माहीत असणार. मला वाटत होतं, मास्तरला माहीत असणार. मी मेमध्ये फोन लावला होता, बंद आला. तात्यांचा तो बटणांचा फोन, रिचार्ज संपला असेल म्हणून सोडून दिला. आपल्या ग्रुपवर ते नव्हतेच. ग्रुपवर आपण वर्षभर काढ्याच्या रेसिप्या टाकत बसलो.

चौदा वर्षं, बंड्या. आपण त्यांच्या पायांवर पाय दिलेत, त्यांच्या खांद्यावर झोपलोय, त्यांच्या पित्ताला कशाने उतार पडतो ते आपल्याला माहीत. मूळजी जेठा मार्केटात शेठ काय बोलला ते रोज रात्री ऐकलंय. आणि त्यांचं आडनाव मला मंगळवारी मास्तरने सांगितलं तेव्हा कळलं. तुला माहीत होतं? मला तर घर पश्चिमेला, एवढंच ठाऊक.

एक अजून आहे. २० मार्चला, शेवटच्या शुक्रवारी, तू रजेवर होतास. खाजगी ऑफिसं ३१ तारखेपर्यंत बंद म्हणून जाहीर झालं होतं. परतीच्या गाडीत तात्यांनी पिशवीतून डबा काढून दिला. ‘वालाचं बिरडं आहे. शेठने आवराआवरीत जेवूच दिलं नाही. वहिनींना द्या, फुकट जायला नको. डबा सोमवारी आणा.’ तो सोमवार आलाच नाही. डबा धुऊन, पुसून मांडणीच्या वरच्या फळीवर. टाळेबंदीत आमच्याकडे भांडी कमी पडली, रव्याला डबा नव्हता, पण सौ.ने त्याला हात लावला नाही. दुसऱ्याचा आहे म्हणून.

मंगळवारी रात्री मी तो खाली काढला. कडेला नाव कोरलंय. तात्यांच्या बायकोचं, आडनावासकट, खाली तारीख. सतरा महिने आमच्या स्वयंपाकघरात होतं.

काल नारळी पौर्णिमा होती. मी म्हटलं, देऊन येतो. सौ. म्हणाली, रिकामा डबा द्यायचा नाही. मी म्हटलं, अगं, वर्ष झालं नाही त्या घरात, गोड कसं नेऊ? तर म्हणाली, त्यांच्याकडे यंदा सण नाही म्हणूनच बाहेरून जावं. नारळीभात भरला. मी स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला उतरलो. मास्तरने दीनदयाळ रोडपर्यंत सांगितलं होतं, पुढे औषधवाल्याला विचारत गेलो. आपली गाडी गेल्यावर तात्या कुठल्या गल्लीतून वळायचे ते चौदा वर्षांनी कळलं. वाटेत एक उसाच्या रसाचं दुकान आहे. तिथेच थांबत असणार. ‘मला काविळीचा रस लागतो’ म्हणायचे ना.

मुलीने दार उघडलं. साखळी तशीच. मी नाव सांगितलं तर ओळखेना. म्हटलं, तात्यांच्या गाडीतला. लगेच साखळी काढली. ‘तुम्ही बिरड्यावाले?’ बाहेर स्टुलावर सॅनिटायझरची बाटली होती, ती पुढे केली आणि मग तिलाच कसंतरी झालं. घर दीड खोल्यांचं. फोटोतले तात्या वेगळेच दिसतात, कोट घातलाय. काकू आतून आल्या, ‘बसा’ म्हणाल्या. मी बसलो. काय बोलायचं ते काही ठरवून गेलो नव्हतो. पंखा फार आवाज करतो, ते मी बोललो. मुलगी म्हणाली, बाबा पण रोज म्हणायचे.

मग तिने त्यांची हिशेबाची वही आणली. तात्या हिशेब लिहायचे, माहीत आहे ना? शेवटच्या पानावर लिहिलंय, ‘गुहागर – ३०० देणे’. माय-लेकींनी बराच विचार केला म्हणे. गुहागरला कोण? कुठल्या देवस्थानाचं राहिलंय की काय? व्याडेश्वराला मनीऑर्डर करणार होत्या. मी सांगितलं, गुहागर म्हणजे आमचा बंड्या. मुलगी इतकी हसली की काकू आत गेल्या. तिने तीन नोटा पाकिटात घालून माझ्याकडे दिल्या, नको म्हटलं तर ऐकेना. कसले रे ते तीनशे? भिशीचे? पोस्टाने नोटा पाठवू नयेत म्हणतात, आणि मोबाइलवरून पाठवायचं माझ्याने होणार नाही. पाकीट कपाटात ठेवलंय, तूच येऊन ने.

निघताना काकूंनी नारळीभात त्यांच्या भांड्यात काढून घेतला. आत नळाचा आवाज आला. डबा धुऊन, पुसून, त्यात मूठभर साखर घालून त्यांनी माझ्या हातात परत दिला. सवयीने. मी ‘अहो, हा तुमचाच’ म्हणायला तोंड उघडलं आणि काय झालं कोण जाणे, ‘येतो’ म्हणून जिना उतरलो. अर्ध्या वाटेत, पुलावर, लक्षात आलं की काकूंनाही तोवर कळलं असणार.

तर डबा पुन्हा आमच्या वरच्या फळीवर आहे. साखर सौ.ने काढून घेतली, चहाला वापरली. गणपती झाले की तू ये, आपण दोघं जाऊ. पण येताना वाडीतलं काहीतरी आण त्यात घालायला. आमसुलं आण, नाहीतर ओल्या सुपाऱ्या. काकू पान खातात, खलबत्ता पाहिला मी.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाप्या