जुळणारा म्हणून विकलेला संगणक-संच सुरूच होत नसल्याबाबत तक्रार

दिनांक : १७ जुलै २०२५
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम यांच्या संचातील बोर्ड त्याच संचातील प्रोसेसर ओळखत नसल्याबाबत आणि आपण दिलेल्या तपासणी अहवालाबाबत.

महोदय,

मी २० जून रोजी आपल्या संकेतस्थळावरून ४१,८०० रुपयांना एक संच मागवला. त्यात रायझन ५ ९६००एक्स हा प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम होत्या. हे तिन्ही भाग मी सुटे निवडले नव्हते. ‘एकमेकांशी जुळणारे, तपासलेले’ असे लिहून आपण ते एकत्र विकत होता, आणि निवडीची जबाबदारी आपल्यावर राहील एवढ्याचसाठी मी शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी संच घेतला. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड माझ्याकडे आधीच होते.

पार्सल २७ जूनला मिळाले आणि त्याच रात्री मी जोडणी केली. बटण दाबताच पंखे फिरू लागले, बोर्डावरचे दिवे लागले, पण स्क्रीनवर काहीच आले नाही आणि बोर्डाच्या कडेला ‘सीपीयू’, म्हणजे प्रोसेसर, असे लिहिलेला लाल दिवा लागून राहिला. डीडीआर५ रॅम असलेला नवा संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी करण्यात काही मिनिटे घेतो, हे मला माहीत असल्याने मी घाई न करता अर्धा तास थांबलो. दिवा तसाच राहिला.

पुढचे दोन दिवस मी काय केले ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या प्रतिनिधींनी फोनवर प्रत्येक वेळी मला पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करायला लावली आहे. बोर्डाची २४ पिनांची मुख्य वायर आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. ग्राफिक्स कार्ड काढले आणि मॉनिटरची केबल थेट बोर्डाला लावली, कारण या प्रोसेसरमध्ये स्वतःची डिस्प्लेची सोय आहे. एकच रॅम ठेवून आधी एका, मग दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, आणि तसेच दुसऱ्या रॅमचेही केले. बोर्डावरचा सेल काढून पंधरा मिनिटांनी परत बसवला. कॅबिनेटचा एखादा स्क्रू बोर्डाला मागून टेकत असेल या शंकेने सगळे बाहेर काढून बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडले आणि पुन्हा सुरू केले. एसएमपीएस मल्टिमीटरने तपासला, तेव्हा १२, ५ आणि ३.३ या तिन्ही व्होल्टच्या लाइनी पाच टक्क्यांच्या मर्यादेत भरल्या. प्रोसेसर उचलून तो बोर्डावर ज्यात बसतो ते सॉकेट भिंगाखाली पाहिले. या सॉकेटात १,७१८ बारीक पिना असतात आणि त्यांतली एक वाकली तरी संगणक सुरू न होण्याची शक्यता असते, पण सर्व पिना सरळ होत्या. त्याची छायाचित्रे मी २९ जूनलाच आपल्याला पाठवली आहेत.

कारण अखेर ३० जूनला सापडले. राजारामपुरीतील एका मित्राने त्याच्या संगणकातला रायझन ५ ७६०० काढून तासाभरासाठी मला दिला. तो आपल्या बोर्डावर बसवताच पहिल्याच प्रयत्नात डिस्प्ले आला. बायोस म्हणजे प्रोसेसर ओळखून संगणक सुरू करणारा, बोर्डावरच साठवलेला मूळ प्रोग्राम. त्याच्या पडद्यावर बायोसची तारीख दिसली, ती २०२३ सालची होती. आपण मला दिलेला ९६००एक्स हा प्रोसेसर बाजारात आला ऑगस्ट २०२४ मध्ये. जो प्रोसेसर तेव्हा जन्मालाही आला नव्हता, त्याची ओळख या बायोसला असणार तरी कुठून? बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने या बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत ९६००एक्ससाठी कोणती बायोस आवृत्ती लागते हे स्पष्ट छापले आहे, आणि बोर्डावरची आवृत्ती तिच्यापेक्षा बरीच जुनी आहे. तेव्हा माझी तक्रार बोर्ड बनवणाऱ्याविरुद्ध नाही, प्रोसेसर बनवणाऱ्याविरुद्धही नाही. हे दोन भाग ज्यांनी एकत्र बांधून विकले, त्यांच्याविरुद्ध आहे.

मी १ जुलैला हे सर्व फोनवर सांगितले, तेव्हा प्रथम ‘आपल्या भागातील विजेच्या चढउतारांमुळे’ असे झाले असावे, असे उत्तर मिळाले. उद्यमनगरात दिवसभर लेथ आणि वेल्डिंग चालते, हे खरे आहे. म्हणूनच माझा संगणक यूपीएसवर चालतो, आणि विजेच्या चढउताराने बायोसची तारीख मागे जात नाही. मित्राचा प्रोसेसर लावलेला असतानाच मी बायोस बदलू का, असेही मी विचारले होते. मी स्वतः बायोस बदलला आणि मध्येच काही बिघडले तर वॉरंटी राहणार नाही, असे मला बजावण्यात आले, म्हणून मी त्याला हात लावला नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्ह लावून बायोस बदलण्याचे बटण असते. आपण संचात दिलेल्या बोर्डावर ते नाही. म्हणजे बायोस बदलायला संगणक सुरू व्हायला हवा, आणि संगणक सुरू व्हायला बायोस बदललेला हवा.

आपल्या सांगण्यावरून मी ३ जुलैला बोर्ड कुरियरने आपल्या सेवा केंद्राकडे पाठवला. त्याचे ६४० रुपये मी दिले, शिवाय तपासणी शुल्क म्हणून ७५० रुपये आपण आगाऊ घेतले. बोर्ड १५ जुलैला परत आला. सोबतच्या अहवालात एकच ओळ आहे : ‘बोर्डात दोष आढळला नाही.’ कोणता प्रोसेसर लावून तपासले, याचा उल्लेख नाही. मी पुन्हा ९६००एक्स बसवला आणि तोच लाल दिवा पुन्हा लागला. अहवाल खोटा आहे, असे मी म्हणत नाही. जुना प्रोसेसर लावून तपासला असेल, तर बोर्ड चालणारच, आणि ते मी ३० जूनलाच पाहिले होते. बोर्डात दोष नाही आणि बहुधा प्रोसेसरमध्येही नाही. तरीही आपण विकलेली वस्तू चालत नाही, कारण मी बोर्ड विकत घेतलेला नाही, संच विकत घेतला आहे.

मी येथील फौंड्रींसाठी (ओतकाम कारखान्यांसाठी) पॅटर्नची, म्हणजे साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्याची, संगणकीय ड्रॉइंगे करून देतो. माझ्या ड्रॉइंगवरून बनलेला कोअर (ओतीव वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा भाग) साच्यातल्या जागेत बसला नाही, तर ‘दोन्ही वेगवेगळे मोजले असता मापे बरोबर आहेत’ असे माझे उत्तर गिऱ्हाईक ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये. गेले तीन आठवडे मी जुन्या लॅपटॉपवर काम रेटतो आहे. हे काम मी एकटा पोटापाण्यासाठी करतो, त्यामुळे व्यवसायासाठी खरेदी केली म्हणून मी ‘ग्राहक’ ठरत नाही, हा मुद्दा कृपया काढू नये. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला ग्राहकच मानले आहे.

संचातील बोर्ड आपल्या खर्चाने नेऊन, त्यावर योग्य बायोस घालून, ९६००एक्स लावून तो सुरू झाल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे, ही माझी पहिली मागणी आहे. मला अजूनही पैसे परत घेण्यापेक्षा चालता संगणकच हवा आहे. आठ दिवसांत हे शक्य नसेल, तर संपूर्ण संच परत घेऊन ४१,८०० रुपये परत करावेत. केवळ बोर्डाची किंमत मी स्वीकारणार नाही. कुरियर आणि तपासणीचे मिळून १,३९० रुपये दोन्ही परिस्थितींत मला मिळायला हवेत. हा संच आजही त्याच मजकुरासह आपल्या संकेतस्थळावर विक्रीला आहे. तो मजकूर दुरुस्त करावा, किंवा साठ्यातील बोर्डांचे बायोस बदलूनच ते पाठवावेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या पत्राची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे, तसेच जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्या मुदतीत निवारण न झाल्यास मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही.

सोबत खरेदीची पावती, सॉकेटची आणि बायोसच्या पडद्याची छायाचित्रे, लाल दिव्याचे १५ जुलैचे चित्रीकरण, कुरियर व तपासणी शुल्काच्या पावत्या आणि आपल्या अहवालाची प्रत जोडली आहे. बोर्ड नेण्यासाठी माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवावे.

आपला,
(सही)
ग्राहक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर