गाणं फॉरवर्ड झालं, गाणाऱ्याचं काय?

संपादक महोदय, स. न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सोशल मीडियावरच्या आंदोलनांबद्दल लेख आला होता, त्यात शाहिरी संपली आणि आता उरली ती नुसती रील असा सूर होता. तो काही पटला नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावंच्या गावं जागी केली, ते काय करायचे तर लोकांच्या कानात आधीच बसलेली चाल घ्यायची नि त्यात आजचं राजकारण भरायचं. आजचा रॅपर बीटवर दुसरं काय करतो? लोकशाहीर वामनदादा कर्डकांची आंबेडकरी गाणी तर कुठल्या व्ह्यूजच्या मागे नव्हती तरी घरोघर गेली, आधी छोट्या पुस्तिकांतून, मग कॅसेटमधून, सहा डिसेंबरला दादरच्या स्टॉलवर ती वाजत असायची. साधन बदलत आलंय. त्यावर गळा काढण्यात काय अर्थ आहे?

खरी अडचण वेगळीच आहे. एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे या पोराने राज्यातल्या सत्तांतरावर, त्या खोक्यांवर रॅप केला, कुणाचं नाव न घेता, आणि तो बघता बघता सगळ्यांच्या फोनमध्ये. गुन्हा कुठे दाखल झाला? अंबरनाथला. म्हणजे गाणारा मराठवाड्यातला आणि केस ठाणे जिल्ह्यात, कारण इंटरनेटवरचं गाणं सगळीकडेच वाजतं ना, मग कुणाच्याही भावना कुठेही दुखावू शकतात. त्याच सुमारास उमेश खाडे या दुसऱ्या रॅपरवर मुंबईत वडाळ्याला गुन्हा. पूर्वी शाहिराला ज्या गावात फड लागला तिथल्या फौजदाराची काळजी असायची, आता महाराष्ट्रातलं कुठलंही पोलीस ठाणं त्याचंच. आणि पुरावा शोधायची कटकट नाही, व्हिडिओ त्याने स्वतःच टाकलेला असतो, चेहरा, आवाज, तारीख, वेळ सगळं आयतं.

या सगळ्यात ते गाणं फॉरवर्ड करणारे आपण कुठे असतो? ऐकलं, हसलो, चार ग्रुपवर टाकलं, झालं आपलं आंदोलन. फडात समोर हजार माणसं बसलेली असायची, शाहिराला उचलला तर निदान ती बघत तरी होती. विरोधी पक्षांच्या नेत्यांचंही तेच, त्यांनी ही गाणी शेअर केली, पोरांना पाठिंबा दिला, चांगलं केलं, पण आयतं कंटेंट मिळाल्याचा आनंदही लपत नव्हता हो. उद्या हेच सत्तेत आले आणि कुणी यांच्यावर गाणं केलं तर? मला तरी फार भरवसा वाटत नाही.

स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामराचं बघा. मार्च 2025 मध्ये एका जुन्या हिंदी सिनेगीताच्या चालीवर त्याने एकनाथ शिंद्यांवर विडंबन केलं, शिवसैनिक चिडले आणि फुटला तो कार्यक्रम जिथे झाला तो मुंबईतला खारचा स्टुडिओ, म्हणजे व्हिडिओ यूट्यूबवर आणि खुर्च्या मोडल्या हॉलवाल्याच्या! कामराला 28 मार्चला मद्रास हायकोर्टातून अंतरिम अटकपूर्व जामीन मिळाला. योगायोग असा की त्याच दिवशी सुप्रीम कोर्टात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी खासदार इम्रान प्रतापगढींवरचा गुजरात पोलिसांचा गुन्हा रद्द केला, तोही सोशल मीडियावर टाकलेल्या व्हिडिओतल्या एका कवितेवरूनच होता. कोर्टाने म्हटलं की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या समंजस माणसाच्या नजरेतून मोजायचा, ज्याला कुठल्याही टीकेत धोकाच दिसतो त्याच्या नजरेतून नाही. शिवाय तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची सोय नव्या फौजदारी कायद्यात आहे, अशा प्रकरणांत ती वापरणं योग्य, असंही सांगितलं. निकाल उत्तमच आहे. पण खासदार सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ शकतो, कामराकडे वकील आहेत. भाड्याच्या खोलीत मोबाईलवर गाणं रेकॉर्ड करणारं पोरगं तारखेला अंबरनाथला जायचं एसटीचं भाडं कुठून आणणार? बरेच जण मग व्हिडिओच डिलीट करून मोकळे होतात, त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

तुमच्यासारख्या पेपरांकडे एक मागणं आहे. गुन्हा दाखल झाला की तुम्ही पहिल्या पानावर फोटोसकट छापता, मग चार दिवसांनी विषय गायब. 2023 च्या त्या केसेसचं पुढे नेमकं काय झालं, आरोपपत्र गेलं का, फोन जप्त झाले असतील तर परत मिळाले का, पोरं अजून गातात का, यावर एक बातमीदार पाठवा आणि रविवारच्या पुरवणीतच छापा, शाहिरी संपल्याचा लेख आला होता त्याच पानावर.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक