कपाटामागचा मॉडेम

महोदय,
इचलकरंजीतल्या एका सूतगिरणीचा सर्व्हर मी १९९९ पासून घरूनच डायल-अप मॉडेमने (टेलिफोन लाइनवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राने) सांभाळत असे. वेग जेमतेम ३३.६ केबीपीएस, पण कॉलबॅक लावलेला. पासवर्ड दिला की तिकडचा मॉडेम फोन ठेवायचा आणि नोंदवलेल्या माझ्याच नंबरवर उलट फोन करायचा, तोही दुसऱ्या लाइनवरून. लाइन एकच असली तर घुसखोर फोन न ठेवता तसाच टपून राहू शकतो आणि उलट फोन त्यालाच जोडला जातो. म्हणून दुसरी लाइन मी हट्टाने मागून घेतली होती.

गेल्या महिन्यात तिथे गेलो, तर कपाटामागे भलताच एक मॉडेम चालू! कॉलबॅक नाही, पासवर्डही मॉडेमसोबत आलेला, कधीच न बदललेला. ओळीने नंबर फिरवून मॉडेम हुडकणारे प्रोग्राम फार जुने आहेत, आणि इंटरनेटवरून येणारी घुसखोरी अडवणाऱ्या फायरवॉलला ही फोनलाइन दिसतच नाही. गिरणीचालकांनी टेलिफोनची बिले काढून प्रत्येक लाइन कुठे जाते ते आजच तपासावे.

– एक निवृत्त संगणक अभियंता, इचलकरंजी