औषध कोणत्या थरात गेले, ते विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुईविना औषध टोचणाऱ्या यंत्रांच्या ‘सुई नाही, भीती नाही’ अशा जाहिराती हल्ली दवाखान्यांच्या दारात दिसतात. एकतीस वर्षे उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून मी लसी टोचल्या. टोपण लावताना बोटात शिरलेली सुई आणि नंतर रक्त तपासत काढलेले ते महिने अजून आठवतात. सुई टळत असेल तर मला आनंदच आहे. पण या जाहिरातींचा सगळा भर दुखण्यावर असतो. औषध कातडीच्या कोणत्या थरात जाते, याबद्दल अवाक्षर नसते.

क्षयरोगाविरुद्धच्या बीसीजी लशीचेच घ्या. नवजात बाळाला जेमतेम ०.०५ मिलि लस. डाव्या दंडाची कातडी ताणून धरायची, सुईच्या टोकाचा उतार वर ठेवायचा आणि सुई जवळजवळ आडवी करून टोक तेवढे आत सरकवायचे. जमले तर पांढुरका फुगवटा उठतो, त्यावरची रंध्रे संत्र्याच्या सालीसारखी दिसतात. फुगवटा आला नाही, तर लस खाली उतरली असे समजायचे; पुढे तिथे गळू होण्याची किंवा काखेत गाठ येण्याची धास्ती असते. हे हातात बसायला मला दोन वर्षे लागली. पोलिओची ०.१ मिलि लसही २०१६ पासून आपल्याकडे अशीच कातडीत देतात. पूर्ण मात्रेच्या पाचव्या हिश्शात काम भागते, पण ती नेमकी कातडीत गेली तरच.

सुईविना यंत्राचा खरा उपयोग मला इथे दिसतो. दाबलेली स्प्रिंग सुटली की औषधाची केसासारखी बारीक धार कातडीत शिरते, आणि किती खोल जायचे हे बरेचसे यंत्रच ठरवते. झायडसच्या ‘झायकोव्ह-डी’ या कोविड लशीला ऑगस्ट २०२१ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, ती अशाच यंत्राने द्यायची होती. कराचीत २०१९ मध्ये पोलिओची कमी मात्रेची लसही या पद्धतीने दिली गेली. आपल्या आरोग्य विभागाने बाळांच्या लसीकरणात निदान एखाद्या जिल्ह्यात हे करून पाहावे.

मात्र ‘अजिबात दुखत नाही’ हे पालकांना सांगू नये. फटका बसतो, कधी कातडी काळीनिळी पडते. मूल ऐन वेळी हलले तर धार तिरपी जाऊन कातडी चिरते, नाहीतर औषध वरच ओघळते आणि मात्रा कमी पडते. सुई नाही म्हणून संसर्ग नाही, असेही नाही. कॅलिफोर्नियात १९८४-८५ मध्ये वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात अशाच यंत्रातून हिपॅटायटिस-बी पसरला होता. यंत्राचे एकच तोंड सगळ्यांना लावायचे आणि उडालेले रक्त त्यावर राहायचे. अमेरिकी लष्कराने ती जुनी यंत्रे १९९७ मध्ये बंद केली. आताच्या चांगल्या यंत्रांत प्रत्येकाला नवी सिरिंज असते. तिचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे.

माझी खरी काळजी ब्युटी पार्लरची आहे. ओठ भरण्यासाठी तिथे ‘हायलुरॉन पेन’ वापरतात; हेही सुईविना, दाबाने द्रव्य कातडीत सोडणारे यंत्रच. नात्यातल्या एका मुलीने लग्नाच्या आठवडाभर आधी हे करून घेतले आणि ओठात वाटाण्याएवढी गाठ घेऊन ती बोहल्यावर उभी राहिली. तिने आधी विचारले होते. पार्लरवाली म्हणाली, “यात सुईच नाही गं, डॉक्टर कशाला हवा?” या पेनमधून फिलर, म्हणजे ओठ भरण्याचे द्रव्य, नेमका कुठे जाऊन बसेल यावर पुरेसा ताबा राहत नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्येच दिला आहे. फिलर रक्तवाहिनीत गेला तर तिथली कातडी मरते, दृष्टीही जाऊ शकते.

ही पेने ऑनलाइन कोण विकते, पार्लरमध्ये कोणत्या परवानगीवर वापरली जातात आणि त्यात भरलेले द्रव्य कुठून येते, याची तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने लग्नसराईच्या आधी करावी, ही विनंती.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा