जत्रेच्या इनामात वस्तादाचाही वाटा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जत्रा जवळ आल्या की आमच्या खानापूर तालुक्यात कुस्ती मैदानाची पत्रकं फिरू लागतात. एक नंबरची कुस्ती लाखाची, एक मल्ल पंजाबचा, दुसरा कोल्हापूरचा. गावची पोरं पहाटे ज्याच्या धाकानं माती उकरतात, त्या वस्तादाचं नाव असलंच तर हलगीवाल्याच्या खाली. मानधनाचं तर नावच नको. हायस्कुलात पीटी मास्तर म्हणून जन्म गेला, त्यामुळे हे मला जरा जास्तच टोचतं.

भाचा अमेरिकेत अलाबामा राज्यात नोकरीला आहे. त्याच्यामुळे तिथल्या विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक निक सेबन यांच्याबद्दल वाचत गेलो. (हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू काखेत मारून पळायचं आणि आडवा येईल त्याला चुकवायचं. कबड्डीवाल्याला लवकर उमगेल.) 2007 मध्ये विद्यापीठानं त्यांच्याशी आठ वर्षांचा करार केला, 3 कोटी 20 लाख डॉलरचा. पहिल्याच हंगामात सात सामने जिंकले, सहा हरले. त्यात घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रोसारख्या लहान विद्यापीठाकडून हार! आपल्याकडं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नवा वस्ताद ठरला असता. तिथं सेबन राहिले. 2009 ते 2020 या काळात त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. आधीचं 2003 चं एलएसयूचं, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं, धरून सात. 2024 च्या जानेवारीत निवृत्त झाले.

माणूस धुतल्या तांदळासारखा होता असं नाही. मायामीच्या व्यावसायिक संघाकडं असताना 'मी अलाबामाला जाणार नाही' असं पत्रकारांना ठणकावून सांगितलं आणि दोन आठवड्यांच्या आत गेले. पगारही पुढं वर्षाला कोटी डॉलरच्या वर गेला, आणि खेळणाऱ्या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून चार पैसे कमवायची मुभा मिळाली ती 2021 मध्ये. हे मला पटत नाही.

पण 2018 च्या जानेवारीतला अंतिम सामना बघा. समोर जॉर्जिया, मध्यंतराला 13-0 अशी पिछाडी. सेबननी हंगामभर संघ चालवणाऱ्या जेलन हर्ट्सला बसवलं आणि टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. जादा वेळेत 26-23 नं जिंकले. आमच्या तालुका स्पर्धेत राखीव पोराकडं पाण्याच्या बाटल्या आणि इतरांच्या चपला असतात. त्याला डाव कोण शिकवणार? बसवलेला हर्ट्सही रुसून गेला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात टुआ जखमी झाल्यावर तो उतरला आणि पुन्हा जॉर्जियालाच हरवलं, 35-28. पुढं 2025 मध्ये फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाकडून खेळताना सुपर बोल, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामनाही जिंकला. अशी दोन पोरं एकाच वेळी तयार ठेवायला वर्षानुवर्षं तिथंच ठाण मांडून बसलेला माणूस लागतो.

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या जत्रा कमिट्यांना माझी विनंती एवढीच. एक नंबरच्या इनामातले दहा टक्के बाजूला काढा आणि गावच्या तालमीच्या वस्तादाला महिन्याच्या महिन्याला द्या, निदान पाच वर्षं. मधल्या एखाद्या जत्रेत गावचा पोरगा चितपट झाला तरी ते बंद करू नका. आणि पत्रकावर त्याचं नाव वर छापा, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव