मुक्कामी गाडी

बोझमन, मोंटाना
गुरुवार, रात्री

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, की जेमतेम तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर एक सामना खेळायला जायचे, तर आठवडाभर तयारी कसली करता? तेव्हा मी एका मुलीच्या घोट्यावर बर्फ बांधत होते, त्यामुळे नीट उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न होता, तोही मला कळला. फेब्रुवारीत बाबांची पंचाहत्तरी आहे आणि मी येऊ शकत नाही, ते नेमके कशासाठी, हे तुम्हा दोघांना समजून घ्यायचे आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असल्यामुळे आज सविस्तर लिहिते आहे.

आमच्या विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल संघ ज्या 'बिग स्काय' कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात खेळतो, तिच्यात दहा विद्यापीठे आहेत. प्रत्येक संघाशी दोनदा गाठ पडते, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, म्हणजे हिवाळ्याच्या दोन-सव्वादोन महिन्यांत अठरा सामने आणि त्यांतले नऊ परगावी. ही विद्यापीठे दक्षिणेला ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफपासून पश्चिमेला पोर्टलंडपर्यंत पसरलेली आहेत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी विमानानेच जावे लागते. मिझूलाला मात्र आम्ही बसने जातो, कारण ते याच राज्यात सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. अंतराने हा सर्वांत सोपा प्रवास असला, तरी सामना म्हणून सर्वांत अवघड हाच, कारण ही दोन शहरे आणि त्यांची दोन विद्यापीठे एकमेकांची जुनी प्रतिस्पर्धी आहेत.

बाबा, रस्त्याचे वर्णन खास तुमच्यासाठी करते. बोझमनहून निघाल्यावर थोड्या वेळाने थ्री फोर्क्स लागते. तेथे तीन नद्या एकत्र येऊन मिसुरी नदी तयार होते. त्यानंतर चढण सुरू होते आणि ब्यूटच्या अलीकडे होमस्टेक नावाचा घाट येतो, जो समुद्रसपाटीपासून सुमारे एकोणीसशे मीटर उंच आहे. घाटमाथ्याच्या या बाजूला पडलेले पाणी मिसुरीतून मेक्सिकोच्या आखातात जाते आणि पलीकडे पडलेले पाणी प्रशांत महासागराला मिळते. पहिल्यांदा हे कळले तेव्हा मला तुमच्या कोल्हापूर–रत्नागिरी गाडीचीच आठवण झाली. आंबा घाटाच्या माथ्यावर तुम्ही मला सांगितले होते, की इकडचा पाऊस कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्रात जातो आणि तिकडचा कोकणात उतरून पश्चिमेच्या; तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. फरक इतकाच, की तुमच्या घाटात धुके आणि दरडी असत, तर येथे जानेवारीत रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक बर्फाचा थर बसतो, जो चालकाला दिसतही नाही. घाट कधी बंद होईल याचा नेम नसतो, म्हणून सामना शनिवारी संध्याकाळी असला तरी आम्ही शुक्रवारी सकाळी निघतो. तुमच्या भाषेत सांगायचे, तर आमची गाडी मुक्कामी असते. येथील नियमानुसार प्रवासी गाडीच्या चालकाला सलग आठ तासांच्या विश्रांतीनंतर दहा तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, आणि शनिवारी रात्री सामना संपवून मुलींना घरी परत आणायचे असल्यामुळे त्याची झोपही आमच्या वेळापत्रकात लिहिलेली असते.

आता मैदानावरच्या तयारीबद्दल लिहिते. परगावी खेळताना बास्केटची उंची, चेंडूचे वजन आणि नियम सगळे तेच असतात. बदलते ते आजूबाजूचे वातावरण. मिझूलाच्या डालबर्ग अरिनात सुमारे सात हजार माणसे बसतात आणि तेथील महिला संघावर गावाचा फार जुना जीव आहे. रॉबिन सेल्विग नावाच्या एकाच प्रशिक्षकाने 1978 पासून 2016 पर्यंत तो संघ घडवला आणि 865 सामने जिंकले. अशा गावात आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना खेळ कळतो आणि नेमक्या कोणत्या क्षणी ओरडायचे हेही कळते. त्या आवाजात आमच्या मुलींना एकमेकींचे शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून मंगळवारपासून आम्ही सरावाच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून गर्दीचा कोलाहल इतका मोठा लावतो, की शिट्टीसुद्धा ऐकू येऊ नये, आणि प्रत्येक चालीसाठी हाताच्या खुणा ठरवतो. मूठ वर गेली की एक चाल, दोन बोटे कपाळाला लागली की दुसरी. चेंडू हाती आल्यापासून तीस सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो, आणि त्यांतले पाच सेकंद 'काय म्हणालीस?' हे विचारण्यात गेले, तर उरलेल्या वेळात घाईघाईचाच फेक होतो.

आणखी एक गोष्ट आईला विशेष वाटेल. येथे मुलींच्या संघांना सरावासाठी मुलांची मदत घेता येते. विद्यापीठात शिकणारी, शाळेत असताना चांगले बास्केटबॉल खेळलेली काही मुले रोज येतात, प्रतिस्पर्धी संघाच्या चाली पाठ करतात आणि त्या हुबेहूब खेळून दाखवतात. या आठवड्यात त्यांतला एकजण मिझूलाची उंच सेंटर झाला आहे आणि दुसरा त्यांची तीन गुणांचे फेक करणारी गार्ड. त्यांना ना बक्षीस मिळते, ना प्रेक्षक, ना वर्तमानपत्रात नाव. आमची एखादी मुलगी त्यांच्यावर मात करून गुण मिळवते, तेव्हा तेच प्रथम टाळ्या वाजवतात. मला या मुलांबद्दल फार आदर वाटतो.

सरावाचे तासही मोजलेले असतात. आठवड्यातून वीस तास आणि दिवसाला चार तास ही मर्यादा आहे, एक दिवस पूर्ण सुट्टीचा असतो आणि सामना कितीही लांबला तरी तो तीन तासांचाच धरला जातो. प्रवासाचे तास मात्र यात धरत नाहीत, आणि ते मला योग्य वाटत नाही, कारण शरीर थकते ते बसमध्येही. या मुली आधी विद्यार्थिनी आहेत. शुक्रवारचे तास बुडणार म्हणून त्यांनी प्राध्यापकांना आधीच कळवले आहे, एकीची रसायनशास्त्राची परीक्षा तर हॉटेलच्या खोलीत पर्यवेक्षकासमोर होणार आहे, आणि बसमध्ये अर्ध्या मुलींच्या मांडीवर पुस्तके असतात.

माझे स्वतःचे काम या सगळ्याच्या मागचे आहे. चौदा मुलींची पावले आणि गुडघे माझ्या ताब्यात असतात, असे म्हटले तरी चालेल. सामन्याच्या दोन तास आधी मी घोटे बांधायला बसते. आधी त्वचेवर मऊ पातळ आवरण, मग घोट्याच्या वर आणि पावलाच्या मध्यावर पक्के वेढे, मग टाचेखालून रिकिबीसारखे वर जाणारे पट्टे आणि शेवटी टाच दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे वेढे. एका पायाला तीन-चार मिनिटे लागतात. पट्टी सैल राहिली तर उपयोग नाही आणि आवळली तर पाऊल बधिर होते, त्यामुळे हाताला ते माप कळावे लागते. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी अधिक वेळा तुटतो, म्हणून उडी मारल्यावर गुडघे आत न वळवता, मऊपणे, दोन्ही पायांवर कसे उतरायचे, याचा सराव मी त्यांच्याकडून बारा महिने करून घेते. प्रवासाच्या आठवड्यातही तो चुकवू देत नाही.

बर्फ बांधत होते ती मुलगी आमची राखीव फॉरवर्ड आहे. मागच्या शनिवारी रिबाउंड, म्हणजे बास्केटवर आपटून परत आलेला चेंडू, घेताना तिचा पाय दुसरीच्या बुटावर पडून मुरगळला. तिचे आजी-आजोबा राज्याच्या पूर्वेकडील गुरांच्या कुरणातून सहा-सात तास गाडी चालवून खास हा सामना पाहायला येणार आहेत, आणि तिने खेळावे असे प्रशिक्षिकेपासून सगळ्यांना वाटते. मलाही वाटते. परंतु खेळाडूने मैदानात उतरायचे की नाही, हा वैद्यकीय निर्णय डॉक्टरांचा आणि माझ्यासारख्यांचा असतो, प्रशिक्षकांचा नसतो. आज संध्याकाळी मी तिला दुखऱ्या पायावर उभे करून पंचवीस वेळा टाच उचलायला लावली, डोळे मिटून तोल सांभाळायला लावला, एका पायावर पुढे आणि बाजूला उड्या मारायला लावल्या. सरळ उडी ठीक झाली. बाजूच्या उडीला तिने ओठ दाबले. 'दुखत नाही' असे ती म्हणाली, पण मी तिच्या पायाकडे पाहत होते. उद्या निघण्यापूर्वी पुन्हा हीच तपासणी करीन आणि बाजूची उडी स्वच्छ झाली नाही, तर तिला बाकावर बसावे लागेल, हे मी तिला आजच सांगून ठेवले आहे. ती रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले, पण शब्द मागे घेतला नाही.

बाबा, तुम्ही प्रत्येक फेरीआधी गाडीभोवती एक चक्कर मारत होतात आणि लोखंडी सळईने टायर ठोकून आवाज ऐकत होतात. एकदा दिवाळीच्या गर्दीत, गाडी भरलेली असताना, मागच्या एका चाकाचा आवाज तुम्हाला पटला नाही आणि तुम्ही सगळ्या प्रवाशांना उतरवून गाडी वर्कशॉपकडे नेलीत. लोक ओरडत होते आणि मी पायरीवर उभी राहून लाजेने मान खाली घातली होती. त्या दिवशी तुम्ही कोणाशीही वाद घातला नाहीत, फक्त 'चाक बदलल्याशिवाय गाडी निघणार नाही' एवढेच म्हणालात. आज त्या मुलीसमोर बसले असताना मला तुमचा तोच आवाज आठवत होता.

आणि आई, तुझी आठवण सामान भरताना येते. मुक्कामी ड्युटी असली की तू आधी विचारायचीस, 'मुक्काम कुठे?' घाटावर असेल तर दशम्या, कोकणात असेल तर न आंबणारे काहीतरी, आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी दोन्हीकडे. मीही आज तसाच हिशेब केला. सामन्याच्या चार तास आधी पोटभर जेवण, दीड तास आधी हलके काहीतरी, बसमध्ये केळी, संत्री, शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच. एकीला दाण्यांची बाधा आहे, तिचा डबा वेगळा आणि तो मी शेवटी, हात धुऊन भरते. त्याशिवाय घोंगड्यांसारख्या जाड चादरी, पाण्याचे कॅन आणि टॉर्च, कारण घाटात अडकलो तर बाहेरचे तापमान शून्याखाली वीस अंश असू शकते.

येथील इतिहासातली एक गोष्ट मला या प्रवासात नेहमी सोबत करते. याच राज्यात, सन नदीच्या काठी, फोर्ट शॉ येथे आदिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा होती. अशा शाळांनी मुलांना आईवडिलांपासून आणि मातृभाषेपासून तोडले, ते दुःख येथे अजून संपलेले नाही. त्या शाळेतील मुलींनी बास्केटबॉलचा संघ उभारला, आगगाडीने गावोगावी जाऊन मोंटानातल्या संघांना हरवले आणि 1904 साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात खेळून जगज्जेतेपद मिळवले. स्त्रियांना येथे मतदानाचा हक्कही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. त्यांच्यासाठी प्रत्येक सामना जणू परगावचाच होता. घरचे मैदान म्हणावे असे त्यांच्याजवळ काही उरलेच नव्हते. आमच्या बसमधल्या मुली इअरफोन लावून झोपलेल्या असतात, तेव्हा मी बर्फाच्छादित कुरणांकडे पाहत त्या दहा मुलींचा विचार करते.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे, की पंचाहत्तरीच्या दिवशी मी अशाच एका परगावी, चौदा मुलींच्या पायांशी बसलेली असेन. मला बदली देता येणार नाही असे नाही. एखादी सहकारी आली असती. परंतु हंगामाच्या मध्यावर घोट्याघोट्याचा इतिहास दुसरीच्या हाती सोपवणे मला पटत नाही आणि तुम्हालाही ते पटले नसते, असे मला वाटते. मार्चमध्ये बॉयझीला कॉन्फरन्सची अंतिम स्पर्धा आहे. ती आटोपली की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी येते आणि पंधरा दिवस राहते. बाबांना चालणार असेल, तर औक्षण तेव्हा करू. तोपर्यंत आईने खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा करावा. माझ्या मुलींचे गुडघेही मी त्याच व्यायामाने सुरू करते.

शनिवारी संध्याकाळी सातला सामना आहे, म्हणजे तुमच्याकडे रविवारी सकाळचे साडेसात वाजलेले असतील. तो संपल्यावर फोन करीन, आणि गाडी घाट उतरून सुखरूप बोझमनला पोहोचली की पुन्हा एकदा. बाबा, उद्या निघण्यापूर्वी मीही बसभोवती एक चक्कर मारणार आहे.

तुमची लेक